फिलिपाइन्सच्या भाषांतील जखम आणि औषध

इ. स. १५२१ च्या एप्रिल महिन्याच्या २७ तारखेस मॅक्टन बेटाच्या उथळ किनाऱ्यावर मॅगेलन पडला. त्याच्या सफरीची हकीगत लिहिणारा पिगाफेट्टा सांगतो, की प्रथम एक विषारी बाण त्याच्या उजव्या पायात शिरला. याच पिगाफेट्टाने तेथील लोकांचे शब्द विचारून एक छोटी यादीही करून ठेवली. युद्ध आणि शब्दसंग्रह हे दोन उद्योग त्या बेटांवर असे एकाच गलबतातून उतरले.

या द्वीपसमूहात दीडशेहून अधिक भाषा आहेत. जवळजवळ सगळ्या एकाच कुळातल्या. पण बहिणीबहिणींत गैरसमज व्हावेत तसे त्यांचे होतात. मनिलाच्या परिसरातील टागालोग भाषेत जखमेला ‘सुगात’ म्हणतात. उत्तरेकडील इलोकानोतही तोच शब्द. दक्षिणेस सेबू बेटावर मात्र जखम म्हणजे ‘समाद’, आणि ‘सुगात’ म्हणजे सामोरे जाऊन भेटणे! ईस्टरच्या पहाटे पुनरुत्थित ख्रिस्ताची व शोकाकुल मातेची मूर्ती दोन वाटांनी येऊन भेटतात. त्या सोहळ्याला सेबूकडे ‘सुगात’ हेच नाव आहे. टागालोग माणसाच्या कानाला ते भेटीऐवजी जखमेचे नाव वाटेल.

औषधाच्या शब्दांकडे वळले म्हणजे मौज आणखी वाढते. टागालोगमध्ये औषध म्हणजे ‘गामोत’. सेबुआनोत ‘गामोत’ म्हणजे झाडाचे मूळ. येथे भाषाशास्त्रज्ञांना शंका नाही. मूळ शब्द ‘मुळी’ याच अर्थाचा, आणि टागालोग लोकांनी मुळीवरून सर्वच औषधांना ते नाव दिले. पनाय बेटावरील हिलिगायनोन भाषेत औषधाला ‘बुलोंग’ म्हणतात. इलोकानोत ‘बुलोंग’ म्हणजे पान. आपल्याकडेही जडीबुटी आणि झाडपाला यांखेरीज वैद्याचे पान हलत नाही, तेव्हा हे आपणांस समजावून सांगायला नको. टागालोगमध्ये मात्र ‘बुलोंग’ म्हणजे कुजबूज, आणि मांत्रिकाने पुटपुटलेला मंत्रही. पाला, औषध आणि मंत्र यांची साखळी जोडण्याचा मोह कोणासही होईल. पण पहिल्या दोहोंचे नाते जसे दाखविता येते तसे तिसऱ्याचे येत नाही. ध्वनी सारखे म्हणून रक्त एक, असे धरून चालणे बरे नव्हे. ‘हिलोम’चेही तसेच. टागालोगमध्ये जखम भरून येणे, सेबुआनोत निःशब्द, गप्प. येथेही आम्ही हात आखडता घेतो.

‘गालिंग’ या टागालोग शब्दात बरे होणे आणि उत्तम असणे हे दोन्ही अर्थ आहेत. ‘बरा माणूस’ आणि ‘ताप बरा झाला’ असे बोलणाऱ्या आम्हां मराठी माणसांना त्यात नवल ते काय?

हे शब्द आपल्या हाती आले ते बव्हंशी स्पॅनिश धर्मोपदेशकांच्या कोशांतून. पेद्रो द सान बुएनावेंतुरा याचा टागालोग कोश १६१३ साली पिला गावी छापला गेला. छापणारे तोमास पिनपिन आणि दोमिंगो लोआग हे दोघेही टागालोगच. कबुलीजबाब ऐकायचे, प्रवचने करायची, तर रयतेची भाषा हवी, हा हेतू. पण विसाया बेटांवर रोग्याशेजारी बसणाऱ्या, देवता अंगात येणाऱ्या ‘बाबायलान’ स्त्रियांना याच धर्मसंस्थेने सैतानाच्या दासी ठरविले. वैद्यकीचे शब्द कागदावर उतरत होते, आणि ज्यांच्या तोंडी ते होते त्यांचा मान गावातून उतरत होता. कोशकारांचे ऋण मान्य करूनही ही गोष्ट आमच्याने दृष्टीआड करवत नाही. पुढे झाडपाल्याच्या वैद्याला नावच स्पॅनिश चिकटले: ‘आल्बुलार्यो’.

या ओसाडीत परत फिरून पाहणारा पुरुष म्हणजे त्रिनिदाद पार्दो द तावेरा. मनिलात जन्मलेला, पॅरिसला वैद्यक शिकलेला. १८९२ साली त्याने फिलिपाइन्सच्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ काढला व प्रत्येक झाडाची निरनिराळ्या भाषांतील नावे दिली, कारण नाव ठाऊक नसलेल्या डॉक्टरला झाड सापडणार कसे? त्याआधी, १८८७ मध्ये, टागालोगमधील संस्कृत शब्दांवर त्याचे पुस्तक निघाले होते. मलायांमार्फत तेथे पोचलेल्या ‘मुखा’, ‘गुरो’ अशा शब्दांच्या पंगतीत ‘बीसा’ बसतो. हे आपले ‘विष’. मलायात ‘बीसा’ म्हणजे अजूनही विष. टागालोगमध्ये मात्र तो औषधाचा गुण सांगतो. ‘माबीसा’ औषध म्हणजे गुणकारी औषध.

१९९७ साली फिलिपाइन्सने पारंपरिक वैद्यकासाठी कायदा केला. तेथल्या दुकानांत खोकल्यावर ‘लागुंदी’च्या गोळ्या मिळतात. ही लागुंदी म्हणजे, सुजेवर शेक द्यायला आपल्या आज्या परसातून जिचा पाला आणीत, ती निर्गुडी.