गिअरबॉक्समध्ये डोकावणारी नळी

असं समजू, की नांदेडच्या एका गॅरेजात साठच्या दशकातली शेवरोले इम्पाला आली आहे. लांबलचक, अमेरिकन, क्लचचं पेडल नसलेली. गिअर आपोआप बदलतात, म्हणजे बदलायला हवेत. पण गाडी उचल घेत नाही आणि जिथे उभी राहते तिथे लालसर तेलाचा डाग पडतो. उस्ताद खाली सरकून बघतो. गिअरबॉक्समधून वर इंजिनाच्या मागच्या बाजूला आलेली एक बारीक लोखंडी नळी गंजली आहे आणि बुडाशी हलते आहे. हिच्यातूनच तेल भरायचं, हिच्यातच डिपस्टिक घालून पातळी बघायची.

नळी बदलणं हे काम फार तर तासाभराचं. पण तीस वर्षं गिअरबॉक्स उघडणाऱ्या उस्तादासाठीही ते नवंच असणार. ते नवं का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. त्या इतिहासात निजामाच्या मोटारी आहेत, शिवडीतला एक बंद पडलेला कारखाना आहे आणि चक्क देवमासेही आहेत.

आधी कामाचं बोलू. अनेक अमेरिकन ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये नळीचं खालचं टोक कवचातल्या एका भोकात दाबून बसतं. गळती होऊ नये म्हणून तिथे रबरी ओ-रिंग किंवा सील असतं. वर नळीला एक पट्टी जोडलेली असते, ती बेल हाउसिंगच्या बोल्टमध्ये अडकवतात. भोक स्वच्छ पुसायचं, कारण आत गेलेला मातीचा एक कणही बारीक वाटांमध्ये अडकू शकतो. ओ-रिंगला त्याच गिअरबॉक्सचं तेल लावायचं. नळी सायलेन्सरच्या पाइपला टेकणार नाही अशी वळवून खाली घ्यायची आणि बुडाला टेकेपर्यंत दाबायची.

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. डिपस्टिकचं टोपण नळीच्या वरच्या तोंडावर टेकतं आणि पट्टी तिथून खाली लोंबते. नळी एक सेंटिमीटर वर राहिली, तर पट्टीही एक सेंटिमीटर वर राहते. तेल पुरेसं असूनही पट्टी ‘कमी’ दाखवते, मालक आणखी तेल ओततो. मग फिरणारे भाग त्या जादा तेलात बुडून ते घुसळतात, फेस होतो, तेलात हवा मिसळते, दाब पडतो आणि गिअर घसरायला लागतात. तेल कमी असलं तरी अशीच लक्षणं दिसतात. म्हणजे मालक पुन्हा तेल ओतणार! ही नळी नुसती तेलाची वाट नाही. ती मापाचा अर्धा भाग आहे.

पातळी बघायची रीतही आपल्या सवयीच्या उलट. इंजिनाचं तेल आपण गाडी बंद करून बघतो. इथे बहुतेक गाड्यांत गाडी सपाट जागेवर, गरम आणि चालू ठेवावी लागते. इंजिन चालू असलं की आतला पंप टॉर्क कन्व्हर्टर भरून ठेवतो. बंद केलं की त्यातलं काही तेल खाली उतरतं आणि पट्टी जास्त दाखवते. त्यातही भेद आहेत. जनरल मोटर्सच्या गाड्यांत लीव्हर ‘पार्क’मध्ये ठेवून बघायचं, तर क्रायस्लरच्या जुन्या टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्समध्ये ‘न्यूट्रल’मध्ये.

हे सगळं सुरू झालं ते अर्ल थॉम्पसन या अमेरिकन इंजिनिअरच्या एका चिडीतून, असं म्हटलं तरी चालेल. गिअर बदलताना दात एकमेकांवर खरखरतात, हे त्याला खुपत होतं. त्यावरचा त्याचा उपाय म्हणजे सिंक्रोमेश. १९२८मध्ये तो कॅडिलॅकमध्ये आला आणि आज आपल्या साध्या मॅन्युअल गाड्यांतही आहे. पुढे त्याच्याच नेतृत्वाखाली हायड्रामॅटिक तयार झालं. मोठ्या प्रमाणावर बनलेला हा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९४०च्या ओल्ड्समोबाइल मॉडेलसाठी विक्रीला आला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तो रणगाड्यांतही बसवला.

अशा गिअरबॉक्समध्ये तेलच दाब पोहोचवतं, तेलच क्लचच्या चकत्या आवळतं, तेलच उष्णता बाहेर नेतं. म्हणून ते वरचेवर तपासायचं, आणि तपासणारा माणूस गाडीखाली न झोपता तपासू शकला पाहिजे. नळी आली ती त्यासाठी. त्या तेलात काही दशकं स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या तेलाचा अंश असे; चकत्यांची पकड गुळगुळीत राहावी म्हणून. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत देवमाशाच्या तेलावर बंदी आली आणि कंपन्यांना रासायनिक पर्याय शोधावे लागले.

हे तिकडे घडत होतं तेव्हा इकडे काय चाललं होतं?

मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. जून १९३२मध्ये निजाम स्टेट रेल्वेने रस्ते वाहतुकीचं खातं सुरू केलं. २७ बस आणि १६६ कर्मचारी. आपण एसटीचा जन्म १ जून १९४८च्या पुणे-अहमदनगर गाडीपासून मोजतो. पण आजच्या नांदेड-लातूरचा भाग ज्या राज्यात होता, तिथे सरकारी मोटार सोळा वर्षं आधीच धावली होती. त्या खात्याच्या सुरुवातीच्या बस स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. थॉम्पसनचा सिंक्रोमेश त्या काळच्या जड गाड्यांत नसे. ड्रायव्हर क्लच दाबून न्यूट्रल करायचा, क्लच सोडायचा, पुन्हा दाबून पुढचा गिअर टाकायचा, आणि गिअर लागणार की खरखरणार हे इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचा.

दुसरा रस्ता मुंबईचा. १९२८पासून जनरल मोटर्स शिवडीत गाड्या जोडत होती. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवलं, की परदेशी सुटे भाग आणून नुसत्या जोडणाऱ्या कंपन्या नकोत. इथे बनवायचं असेल तर थांबा. १९५४मध्ये जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना बंद केला. उरले ते मोजके. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये स्थापलेली प्रीमियर आणि बंगालमधली हिंदुस्तान मोटर्स हे त्यातले ठळक. म्हणजे फियाट आणि अँबेसेडर. दोन्हींना क्लच, दोन्हींत हाताने गिअर. मोठ्या अमेरिकन ऑटोमॅटिक गाड्या आल्या त्या राजदूतांकडून, श्रीमंतांकडून, सिनेमावाल्यांकडून, आणि बहुतेक मोठ्या शहरांतच राहिल्या.

ज्या काळात जगात ही नळी घरोघरी होती, त्या काळात आपल्या गॅरेजांपर्यंत ती क्वचितच पोहोचली. उस्तादाला ती अनोळखी वाटते यात त्याच्या हुशारीचा प्रश्न नाही. त्याच्यापर्यंत कोणती गाडी येईल, हे सरकारी धोरणाने आणि आयातीच्या नियमांनी ठरवलं होतं.

मग आपल्याकडे गिअरबॉक्सचं तेल कसं बघायचे? आजही कित्येक मॅन्युअल गाड्यांत बघतात तसंच. गाडी सपाट उभी करायची, खाली शिरायचं, गिअरबॉक्सच्या बाजूचा प्लग पान्याने उघडायचा. भोकाच्या काठापर्यंत तेल असेल तर पुरेसं. नसेल तर बोट आत घालायचं, किती खाली लागतं ते बघायचं, आणि भोकातून बाहेर ओघळेपर्यंत भरायचं. ना पट्टी, ना नळी. भोकाची उंची हेच माप.

आता गंमत बघा. आपल्या रस्त्यांवर आता ऑटोमॅटिक गाड्या भरपूर दिसतात. पण टॉर्क कन्व्हर्टरच्या अनेक नव्या गाड्यांतून कंपन्यांनी ती डिपस्टिकची नळीच काढून टाकली आहे. मालकाने चुकीचं तेल ओतू नये, घाण आत जाऊ नये, ही कारणं. मग पातळी कशी बघायची? गाडी सपाट उचलायची, इंजिन चालू ठेवायचं, तेल ठरावीक तापमानाला आलं की खालचा प्लग उघडायचा. तेल हळूहळू थेंबथेंब ओघळलं, तर पातळी बरोबर. म्हणजे पुन्हा भोकाची उंची हेच माप. उस्तादाचं जुनं गणित, फक्त बोटाऐवजी तापमान वाचणारा स्कॅनर.

फरक एकच, पण मोठा. नळी होती तेव्हा मालक स्वतः बॉनेट उघडून पट्टी ओढायचा, पांढऱ्या फडक्यावर तेल टेकवायचा. लाल असेल तर ठीक, काळपट आणि करपल्या वासाचं असेल तर गाडी गॅरेजात. आता त्याच्या हातात फार तर डॅशबोर्डवरचा दिवा आहे, तोही बिघाड झाल्यावर लागणारा.

म्हणून त्या काल्पनिक इम्पालाची नळी नीट बसवणं हे जुन्या गाडीचं कौतुक एवढंच नाही. उस्ताद ती बुडाला टेकेपर्यंत दाबतो, वरचा बोल्ट आवळतो, तेल भरतो, गाडी चालू ठेवून पट्टी ओढतो. दोन खुणांच्या मध्ये लाल तेल. मालकालाही बोलावून दाखवतो. पुढच्या वेळी तो स्वतः बघेल.