सहलेखनाचा वर्ग

शाळेंतील निबंधाला पूर्वापार एकच वाचक असे, आणि तो तांबड्या शाईची दौत जवळ घेऊन बसलेला असे. विद्यार्थ्यानें लिहावें, गुरुजींनीं खुणा कराव्या आणि वही दप्तरांत परत जावी. लिहिलेल्या मजकुराला कोणी उत्तर देईल ही अपेक्षाच या व्यवहारांत नव्हती. ही रीत मोडण्याचा एक लक्षणीय प्रयत्न १९८५ सालीं अमेरिकेंतील वॉशिंग्टन शहरीं झाला, आणि तो कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या वर्गांत झाला, ही गोष्ट मुद्दाम ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

गॅलोडेट ही तेथील जुनी संस्था. १८६४ सालीं प्रेसिडेंट लिंकन यांच्या सहीनें तिला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. तेथील बहुतेक विद्यार्थ्यांची नित्याची भाषा खुणांची. आणि अमेरिकन खुणांची भाषा म्हणजे हातांनीं बोललेली इंग्रजी नव्हे, तिचें व्याकरण अगदीं स्वतंत्र आहे. ऐकणारें मूल शाळेंत येण्यापूर्वींच कानांनीं भाषा गोळा करून आणतें. कर्णबधिर मुलाच्या वांट्याला इंग्रजी येते ती मुख्यतः छापील पानावर, आणि पुढें दुरुस्तीच्या खुणांसह. आपल्याकडील मूल संस्कृत शिकतें तशांतलाच हा प्रकार: रूपें पाठ असतात, परंतु त्या भाषेंत भांडण करण्याची सोय नसते.

ट्रेंट बॅटसन हे तेथें इंग्रजीचे अध्यापक होते. त्यांनीं वर्गांतील संगणक एकमेकांस जोडून घेतले. विद्यार्थ्यानें आपल्या यंत्रावर ओळ टाइप करावी, कळ दाबावी, कीं ती त्याच्या नांवासह सर्वांच्या पडद्यावर उमटे. दुसरा लागलीच तिला उत्तर देई, तिसरा मध्येंच तोंड घाली. शिक्षकहि त्याच ओळींत एक ओळ लिहीत असे. इंग्रजी ही केवळ तपासून घेण्याची वस्तु न राहतां प्रश्न विचारण्याची, थट्टेची, हुज्जत घालण्याची भाषा झाली. या पद्धतीला ‘एन्फी’ हें नांव मिळालें, आणि ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयांनींहि ती उचलली. १९९३ सालीं या प्रयोगांची चिकित्सा करणारा ग्रंथ निघाला. बॅटसन त्याच्या संपादकांपैकीं एक. साधन एकच असलें तरी प्रत्येक वर्गांत त्याचें रूप निराळें झालें, असें त्यांत प्रांजळपणें नमूद आहे. यंत्रविक्रेते मात्र असली कबुली क्वचितच देतात!

हें झालें संभाषण. सर्वांनीं मिळून एकच लेख सिद्ध करण्याची सोय पुढें आली. २५ मार्च १९९५ रोजीं वॉर्ड कनिंगहॅम यांनीं कोणासहि दुरुस्त करतां येईल असें पान इंटरनेटवर खुलें केलें आणि होनोलुलूच्या विमानतळावरील बसगाडीच्या नांवावरून त्यास ‘विकी’ म्हटलें. हवाई बेटांच्या भाषेंत या शब्दाचा अर्थ ‘त्वरित’ असा आहे. २००१ सालीं विकिपीडिया निघाला. त्याच्या प्रत्येक पानामागें, कोणता शब्द कोणीं केव्हां घातला वा खोडला, याची नोंद राहते. अनेक विद्यार्थ्यांनीं एकच निबंध लिहिला असतां कोणाचा वांटा किती, हा शिक्षकाचा जुना पेंच अशा नोंदीनें बराचसा सुटतो.

त्याच नोंदीनें पुण्यांत निराळाच प्रश्न उघडा केला. २०११ सालीं तेथील कांहीं महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहविण्याचा उपक्रम सुरू झाला. थोड्याच महिन्यांत असें आढळलें कीं, बऱ्याच जणांनीं इतरत्र प्रसिद्ध झालेला मजकूर जसाच्या तसा उतरविला आहे. तो निवडून काढतांना स्वयंसेवक संपादक बेजार झाले, आणि वर्ष संपण्यापूर्वींच हा प्रयोग आटोपता घ्यावा लागला. विद्यार्थ्यांना दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे. परंतु गाइडांतील उत्तर अक्षरशः उतरविणाऱ्यास जेथें वर्षानुवर्षें गुण मिळत आले, तेथें उतरविणें आणि लिहिणें यांतील भेद त्यांना शिकविला कोणीं? वहींतली नक्कल वहींतच झांकली जाई. येथें मात्र पान साऱ्या जगापुढें होतें आणि त्याला खरेखुरे वाचक होते. त्या वाचकांनीं प्रत्येकाच्या नांवच्या चर्चापानावर सूचना लिहून ठेवल्या. त्यांतील कित्येक तशाच अनुत्तरित राहिल्या.