परातीतलं पाणी

मे २०२४, शनिवार उलटून रविवार लागलेला, पहाटेचे तीन. बाबांच्या खोलीतून आधी पीप पीप पीप आणि मग एकदम शांतता. त्या शांततेनेच मला जाग आली. महिनाभर डोक्याशी घरघरणारं मशीन गप्प झालं की माणूस दचकून उठतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

जरा मागचं सांगते. बाबांची बायपास मुंबईला झाली. आई-बाबा अकोल्याचे. डॉक्टरांनी महिना-दीड महिना इथेच राहायला सांगितलं, आणि माझा फ्लॅट भाड्याचा. घरमालक म्हणाले, "बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचं नाही." म्हणजे स्प्लिट एसी बाद. खिडकीला पक्कं ग्रिल, म्हणजे विंडो एसीही बाद. उरला तो चाकांचा पोर्टेबल एसी. कपाटाएवढा डबा, मागे हत्तीच्या सोंडेसारखा पाईप, तो सरकत्या खिडकीच्या फटीतून बाहेर. बाबांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला. "आपला कूलर पाणी पितो. हा तुझा डबा पाणी ओकतो!"

तर त्या पहाटे डबा ओकायच्या बेतात होता. डिस्प्लेवर दोन अक्षरं लुकलुकत होती. प्रत्येक कंपनीची अक्षरं वेगळी, पण अर्थ बहुतेक तोच : पोटातली टाकी भरली. आत एक फ्लोट असतो, आपल्या गच्चीवरच्या टाकीत असतो तसलाच. पाणी वर आलं की तो स्विच दाबतो आणि कॉम्प्रेसर बंद. खोलीत घामाने चिंब झालेले बाबा, छातीवर टाके, आणि मी हातात मोबाईलचा टॉर्च घेऊन जमिनीवर पालथी.

पहिला धडा : प्लग काढा, मगच हात घाला. दुसरा धडा : खालच्या भोकाचं बूच जमिनीपासून जेमतेम दोन बोटं वर असतं, तिथे बादली जातच नाही. आईने न बोलता स्वयंपाकघरातून कणकेची परात आणून दिली. परात भरली, बूच लावलं, बाथरूममध्ये ओतली, पुन्हा लावली. अशा चार फेऱ्या. मशीन जागेवरून हलवायचं ते टाकी रिकामी झाल्यावरच, नाहीतर पाणी आतल्या वायरिंगपर्यंत उसळू शकतं. शेवटी बुचाचं रबरी वॉशर नीट बसलंय ना बघितलं, प्लग लावला, तीनेक मिनिटांनी कॉम्प्रेसर घरघरला. बाबा झोपले.

मला मात्र झोप येईना. थंड हवेच्या मशीनमध्ये एवढं पाणी येतं कुठून? इंजिनिअरिंगला थर्मोडायनॅमिक्स होतं, मार्कही बरे होते, पण परीक्षेत परात नव्हती. :-)

हिशोब सोपा आहे. मुंबईत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना एका घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम वाफ असते. तीच हवा २४ अंशाला, ५० टक्के आर्द्रतेला आणली की उरते ११ ग्रॅम. मधले १३ ग्रॅम थंड कॉईलवर पाणी होऊन ठिबकतात, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून सुटतं तसं. दहा बाय बाराच्या खोलीत असते साधारण ३२ घनमीटर हवा. म्हणजे खोली एकदा कोरडी करायची तरी चारशे ग्रॅमच्या वर पाणी. पण खोली एकदा कोरडी होऊन भागत नाही. एका पाईपचा पोर्टेबल एसी खोलीतलीच हवा ओढून कन्डेन्सरवरून बाहेर फेकतो. मग ती पोकळी भरायला दाराच्या फटीतून बाहेरची दमट हवा आत येतच राहते. एका हाताने पुसायचं, दुसऱ्या हाताने सांडायचं.

हे पाणी संपवायची युक्तीही मशीनमध्येच असते. खाली जमलेलं पाणी एक फिरती चकती गरम कन्डेन्सरवर उडवते, त्याची वाफ होते आणि सोंडेतून बाहेर जाते. कोरड्या गावात टाकी आठवडाभर भरत नाही ती यामुळे. मुंबईच्या मे महिन्यात चकती हरते.

आणि इथे मला बाबांचं वाक्य आठवलं. पाणी पिणारा कूलर आणि ओकणारा डबा. हा विनोद नाही, या यंत्राचा अख्खा इतिहास आहे.

१८३० आणि ४० च्या दशकात फ्लोरिडातल्या ॲपलाचिकोला नावाच्या बंदरात जॉन गोरी नावाचा डॉक्टर होता. मलेरिया आणि पिवळ्या तापाने माणसं मरत होती. डास हे कारण तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. दलदलीतून उठणारी 'वाईट हवा' ताप आणते, असं तेव्हाच्या डॉक्टरांसारखंच गोरीलाही वाटे. म्हणून तो दोन गोष्टी सांगत राहिला : गावातली डबकी उपसा आणि रोग्याची खोली गार ठेवा. त्याने रोग्याच्या खोलीत छताला बर्फाचं भांडं टांगलं. गार हवा जड, ती खाली रोग्यावर उतरायची. कारण चुकीचं, पण तापाने फणफणलेल्या माणसाला बरं वाटत असणारच.

अडचण बर्फाची. तो उत्तरेकडच्या गोठलेल्या तळ्यांमधून जहाजाने यायचा. जहाज चुकलं की संपलं. म्हणून गोरीने बर्फ बनवायचं मशीनच तयार केलं. हवा दाबायची, गार करायची, मग एकदम मोकळी सोडायची. ६ मे १८५१ ला त्याला ८०८० नंबरचं अमेरिकन पेटंट मिळालं. पण पैसे घालणारा भागीदार वारला, वर्तमानपत्रांनी टर उडवली, आणि १८५५ मध्ये गोरी कफल्लक अवस्थेत गेला. आज अमेरिकेच्या संसदभवनात फ्लोरिडाने बसवलेला त्याचा पुतळा आहे. १९१४ साली बसवला, म्हणजे तो गेल्यावर जवळपास साठ वर्षांनी.

ज्या तळ्यांच्या बर्फाशी गोरीची स्पर्धा होती, तोच बर्फ आपल्याकडेही येत होता बरं का! बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचं 'टस्कनी' जहाज १८३३ च्या मे महिन्यात १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं तेव्हा त्यातला शंभरेक टन शिल्लक होता. तेही विषुववृत्त दोनदा ओलांडून! लवकरच मुंबईलाही बर्फ उतरू लागला. मद्रासचं बर्फघर तर अजून उभं आहे. पुढे विवेकानंद १८९७ मध्ये तिथे राहिले, म्हणून आज ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

त्या बर्फाची एक खूण आपल्या सगळ्यांच्या तोंडात आहे. 'दीड टनाचा एसी' म्हणतो ना आपण? ते त्याचं वजन नाही. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो एक टन. म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. बर्फाचा धंदा बुडाला, माप राहिलं.

पण गोरी आणि ट्यूडर दोघंही गारव्याच्या मागे होते. परातीतल्या पाण्याचा खरा बाप वेगळाच.

१९०२ साल, न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन. सॅकेट-विल्हेम्स नावाचा छापखाना रंगीत छपाई करायचा. रंगीत छपाईत एकच कागद प्रत्येक रंगासाठी पुन्हा पुन्हा मशीनखालून जातो. उन्हाळ्यात हवा दमट झाली की कागद फुगे, कोरडी झाली की आकसे. लाल रंग एकीकडे, निळा दुसरीकडे. काम बफेलो फोर्ज कंपनीकडे आलं आणि तिथल्या पंचवीस वर्षांच्या पोरावर पडलं. विलिस कॅरियर. १९०१ ला कॉर्नेलमधून इंजिनिअर झालेला, आठवड्याला दहा डॉलर पगार. (आपल्या बेंचवरच्या फ्रेशरलाच क्लायंट एस्कलेशन द्यावं, तसं!)

त्याला कुणी 'आम्हाला गार करा' असं सांगितलं नव्हतं. मागणी होती ती आर्द्रतेची. वर्षभर ५५ टक्के, ना कमी ना जास्त. कॅरियरने हवामान खात्याची दवबिंदूची कोष्टकं काढली आणि उलटा विचार केला. हवा एका ठरावीक तापमानाच्या थंड नळ्यांवरून नेली तर तिच्यात किती पाणी उरेल हे आधीच सांगता येतं. १७ जुलै १९०२ ही तारीख असलेले त्याचे आराखडे हा आधुनिक एसीचा जन्मदाखला मानतात. म्हणजे बघा, ज्याला मी मशीनचा उपद्रव समजत होते ते पाणी हेच मशीनचं मूळ काम होतं. खोली गार होणं हे बायप्रॉडक्ट!

पुढची गोष्ट तर भन्नाटच. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या स्टेशनवर धुक्यात उभं असताना कॅरियरला सुचलं, असं सांगतात : धुकं म्हणजे पूर्ण भिजलेली हवा, पण ती थंड असेल तर तिच्यात पाणी कमीच असतं. म्हणजे थंड पाण्याचा फवारा मारूनही हवा कोरडी करता येईल. पाण्याने हवा सुकवायची! फवाऱ्याचं पाणी किती थंड, यावर हवा कोरडी होणार की ओली हे ठरणार. जानेवारी १९०६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. त्याच वर्षी 'एअर कंडिशनिंग' हा शब्द काढला स्ट्युअर्ट क्रेमर या कापडगिरण्यांच्या इंजिनिअरने, आणि त्याला हवेत पाणी घालायचं होतं. कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून. मुंबईच्या दमट हवेचा इथल्या गिरण्यांना फायदा झाला, तो याच कारणाने.

म्हणजे कूलर आणि डबा दोघंही एकाच घराण्यातले. अकोल्याच्या कोरड्या मे महिन्यात वाळ्यावरून पाणी सोडलं की ते वाफ होतं आणि हवेची उष्णता घेऊन जातं. मुंबईत हवेला आधीच तहान नाही. कूलर लावला तर बाबा घामातच भिजले असते.

माणसाच्या आरामासाठी एसी यायला वेळ लागला. १९२५ ला न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात कॅरियरने तो बसवला. आपल्याकडे १९३३ ला मुंबईत सुरू झालेलं रीगल वातानुकूलित होतं. घरात मात्र अमोनियासारखे विषारी वायू कोण आणणार? १९२८ मध्ये टॉमस मिज्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बिनविषारी फ्रिऑन शोधला आणि घराचं दार उघडलं. त्याच जातीचे वायू ओझोन खातात हे १९७४ मध्ये मांडलं गेलं, आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते टप्प्याटप्प्याने बंद होत गेले.

हे सगळं वाचताना मला एक आकडा मात्र टोचत राहिला. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की जे तापमान दिसतं, ते वेट बल्ब. घामाने शरीर किती गार होऊ शकेल त्याची ही हद्द. ३५ अंश वेट बल्बला धडधाकट माणूसही सावलीत बसून तग धरू शकत नाही, असं २०१० मध्ये मांडलं गेलं. नंतर तरुण, निरोगी माणसांवर केलेल्या प्रयोगांत दमट हवेतली ही हद्द ३१ च्या आसपासच निघाली. आणि शस्त्रक्रिया झालेल्या साठीच्या माणसाचं काय? १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने गेले. तिथे थर्मामीटरने नागपूर-चंद्रपूरसारखा आकडा दाखवला नव्हता. आपण टीव्हीवर '४५ अंश' बघून हळहळतो, ३८ आणि दमट याला मात्र 'चिकचिक' म्हणून सोडून देतो.

असो. रविवारी सकाळी मी कामाला लागले. फिल्टर काढला, तो धुळीने गच्च. फिल्टर तुंबला की कॉईलवरून हवा कमी जाते, बर्फ धरतो आणि तो वितळला की पाणी भलतीकडून गळतं. धुतला, वाळवून लावला. मशीन एका बाजूला कललं होतं, ते सपाट केलं, कारण कललं की फ्लोट खोटं बोलतो. दाराखाली जुनी चादर गुंडाळून लावली. मग हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक नळी आणून मधल्या भोकाला क्लिपने जोडली आणि बाथरूममध्ये सोडली. तरी दुपारी पुन्हा पीप पीप! नळी उंबरठ्यावर उंटासारखी वर चढली होती. पाणी चढ चढत नाही, त्याला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. नळी आखूड कापली, सगळीकडे उतार दिला, आणि ठिबक सुरू झाली.

आई ते पाणी बादलीत धरू लागली. अकोल्याच्या बाईला पाणी वाया गेलेलं बघवत नाही. फरशी पुसायला, संडासात ओतायला उत्तम. इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र घालू नका, 'डिस्टिल्ड' वाटलं तरी त्यात कॉईलवरची धूळ आणि धातूचे अंश असतात. पिण्याचा तर प्रश्नच नाही.

बाबा जूनमध्ये अकोल्याला परतले, ठणठणीत. गेल्या गेल्या त्यांनी कूलरमध्ये पाणी भरलं आणि मला फोन केला. "तुझा डबा बरा होता गं. पण रात्री तो बंद पडला तेव्हा तू जागी होतीस, ते जास्त बरं वाटलं."

त्यावर मी काय बोलणार? परात आईने अकोल्याला नेलीय. नवीन घ्यायचीय.