वसईचा वेढा आणि निरोपाचे सूत्र

वसईचा विजय म्हटला की श्रोत्यांस तोफा आणि शिड्या आठवतात. हरकाऱ्याची थैली कोणास आठवत नाही. वस्तुतः १७३७ ते १७३९ ही मोहीम दूरदूरच्या ठाण्यांवर पसरली होती व तिला बांधणारे सूत्र पत्रांचेच होते. चिमाजी अप्पा वसईच्या मोहिमेत गुंतले असता त्यांचे मेहुणे व्यंकटराव घोरपडे १७३९ च्या जानेवारीत गोव्याच्या साष्टीत शिरले (ठाण्याची साष्टी ती निराळी). त्यामुळे वसईकर फिरंग्यांच्या विनवण्या गोव्यास पोहोचल्या तरी तेथून पुरेशी कुमक निघेना. दोन फौजांत शेकडो मैलांचे अंतर, पण बेत एकच!

तटाच्या पायथ्याशी मात्र हेच सूत्र तुटले. मे महिन्यात सुरुंगांस बत्ती दिली. पहिले उडताच खिंडार पडले आणि उतावीळ लोक आत धावले. एक सुरुंग अद्याप उडावयाचा होता. धावत्यांस थांबविणारा निरोप त्या गदारोळात पोहोचणार कसा? तो मागाहून उडाला व आपलीच कित्येक माणसे दगडमातीखाली गेली. शत्रूच्या गोळीहून हा घाव अधिक जिव्हारी लागणारा होय. तरीही दुसऱ्या दिवशी हल्ला पुन्हा चढला, सान सेबास्तियान बुरुजास भगदाड पडले आणि १६ मे रोजी तह ठरला. किल्ल्यातील शिबंदीस हत्यारांसह बाहेर पडण्यास आठ दिवसांची मुदत मिळाली. विजयाचे वृत्त अप्पांनी ब्रह्मेंद्रस्वामींस पत्रानेच कळविले.