जिवाणुजन्य हृदंतस्तरशोथ

जिवाणुजन्य हृदंतस्तरशोथ हा हृदयाच्या आतील अस्तरास, विशेषतः झडपांस, जिवाणूंच्या संसर्गामुळे होणारा गंभीर आजार आहे. वैद्यकीय व्यवहारात तो बॅक्टेरियल एंडोकार्डायटिस या नावाने ओळखला जातो. उपचार न झाल्यास तो बहुधा प्राणघातक ठरतो. एकदा हा आजार होऊन गेलेल्या व्यक्तीस तो पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच अधिक असतो.

कारणे
ऱ्हुमॅटिक तापामुळे विरूप झालेल्या, जन्मतः सदोष किंवा कृत्रिम झडपेवर प्लेटलेट पेशी व फायब्रिन यांचा थर साचतो. रक्तात शिरलेले जिवाणू त्यात अडकून वाढतात. झडपेचा स्वतःचा रक्तपुरवठा अत्यल्प असल्याने शरीराच्या संरक्षक पेशी तेथे पुरेशा पोहोचत नाहीत. तोंडातील स्ट्रेप्टोकॉकस, त्वचेवरील स्टॅफिलोकॉकस व आतड्यातील एंटेरोकॉकस हे प्रमुख कारक जिवाणू होत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस निरोगी झडपेवरही हल्ला करू शकतो.

लक्षणे व निदान
रेंगाळणारा ताप, थंडी, थकवा, वजन घटणे आणि हृदयाच्या ध्वनीत नव्याने आढळणारी मर्मर ही मुख्य लक्षणे आहेत. झडपेवरील गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. निदानासाठी ब्लड कल्चर व इकोकार्डिओग्राफी आवश्यक असते. कल्चरसाठी रक्त प्रतिजैविके सुरू करण्यापूर्वी घेतात. अन्यथा जिवाणू असूनही ते न आढळण्याचा संभव असतो.

पुनरावृत्ती
पुनरावृत्तीचे दोन प्रकार मानले जातात. पहिल्या संसर्गातील तोच जिवाणू साधारणतः ६ महिन्यांच्या आत पुन्हा उद्भवल्यास त्यास उलटणे म्हणतात. अपुरा उपचार किंवा खोलवर राहिलेला पू हे त्याचे कारण असू शकते. निराळ्या जिवाणूमुळे, अथवा त्याच जातीच्या जिवाणूमुळे त्यानंतर झालेला आजार हा बहुधा नवा संसर्ग समजला जातो.

उपचार
प्रतिजैविके सामान्यतः ४ ते ६ आठवडे शिरेवाटे देतात. कृत्रिम झडप असल्यास बहुधा किमान ६ आठवडे. ताप उतरला तरी उपचार मध्येच थांबवत नाहीत. हृदय निकामी होऊ लागल्यास, गळू झाल्यास किंवा औषधांनी संसर्ग आटोक्यात न आल्यास शस्त्रक्रियेने झडप दुरुस्त करतात वा बदलतात.

प्रतिबंध
दातांची नियमित निगा महत्त्वाची ठरते. पूर्वी हा आजार झालेल्यांना व कृत्रिम झडप असलेल्यांना दात काढण्यासारख्या उपचारांपूर्वी प्रतिजैविकाची एक मात्रा देतात. म्हणून अशा रुग्णाने दंतवैद्यास पूर्वेतिहास सांगणे आवश्यक असते.

इतिहास
विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्ये लंडन येथील व्याख्यानांत या आजाराचे सविस्तर विवेचन केले. संगीतरचनाकार गुस्टाव्ह माहलर यांचा १९११ मध्ये याच आजाराने मृत्यू झाला. त्यांच्या रक्तात जिवाणू आढळले होते, परंतु त्या काळी त्यांवर औषध नव्हते. १९४० च्या दशकात पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावर हा आजार बरा होऊ लागला.