त्या दोन ओळी

गेल्या रविवारी एका छोट्याशा ओपन सोर्स लायब्ररीला मी पॅच पाठवला. वर मोठ्या अभिमानाने "साफसफाई" असं लिहून. त्यात एक ओळ उडवली होती, कारण ती काही करतच नव्हती (असं मला वाटलं). मेंटेनरने एवढंच विचारलं, ही ओळ इथे का आहे ते कळलं का? नव्हतं कळलं. दिवाळीआधी माळा आवरताना भंगारात काढलेल्या डब्यात आजीच्या बांगड्या निघाव्यात, तसं झालं. मग पॅच ठेवला बाजूला आणि सगळ्यात महागात पडलेल्या साफसफाईबद्दल वाचत बसलो.

ही गोष्ट ओपनएसएसएलची. आपण बँकेच्या साइटशी काय बोलतो ते मधल्या कुणाला कळू नये, अशी सोय करणारी ही लायब्ररी. १९९८ साली सुरू झाली, त्याआधीच्या एरिक यंग आणि टिम हडसन यांच्या कोडवर. पुढची बरीच वर्षं मूठभर माणसं ती सांभाळत होती, बहुतेक फावल्या वेळात.

२००६ मध्ये काय झालं, तर ही लायब्ररी वापरणारे प्रोग्राम वॅलग्राइंडखाली चालवले की वॉर्निंगचा नुसता पाऊस. इनिशियलाइझ न केलेली मेमरी वापरताय म्हणून! डेबियनच्या मेंटेनरने माग काढला तेव्हा बोट दोन ओळींवर आलं. दोन्ही अगदी सारख्या: बफरमधले बाइट घ्या, हॅशमध्ये मिसळा. फक्त फंक्शन वेगळी.

पहिली ओळ रँडम बाइट देण्याआधी समोरच्या बफरमधला कचराही जाता जाता मिसळून घ्यायची. मिळालं तर मिळालं, नाही तर नाही. प्युरिफाय हे टूल इथे कुरकुरतं, अशी कॉमेंटसुद्धा होती तिच्यापाशी. दुसरी मात्र खरी नळाची तोटी होती. सिस्टिमकडून येणारा सगळा रँडमपणा तिच्यातूनच आत जायचा. तिच्यावर कॉमेंट नव्हती.

दोन्ही गेल्या.

मेंटेनरने विचारलं नव्हतं असं नाही हं. ओपनएसएसएलवाल्यांकडून उत्तर आलं होतं, डिबगिंगला मदत होत असेल तर काढायला हरकत नाही अशा अर्थाचं. उत्तर डिबगिंगपुरतं, पण बदल गेला सगळ्यांच्या मशीनवर. डेबियनच्या आणि मागोमाग उबुंटूच्याही.

१३ मे २००८ ला डेबियनने जाहीर केलं (लुसियानो बेलोला हे सापडलं होतं): सप्टेंबर २००६ पासून तयार झालेल्या कींमध्ये रँडम म्हणावं असं उरलं होतं फक्त प्रोसेस आयडी. तो जास्तीत जास्त ३२,७६८. म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर, एका लांबीच्या सगळ्या शक्य एसएसएच की एका फोल्डरमध्ये मावतील! डीएसए की तर दुसरीकडे नीट बनवलेली असली, तरी अशा मशीनवर एकदा वापरली की बाद. मी तेव्हा पाचवीत होतो, पण जगभरच्या सिस्टिम अ‍ॅडमिननी तो आठवडा कसा काढला असेल याची कल्पना येते.

याच कोडची दुसरी साफसफाई एप्रिल २०१४ ची, हार्टब्लीडनंतरची. ओपनबीएसडीवाल्यांनी फोर्क करून लिब्रेएसएसएल काढलं आणि पहिल्या आठवड्यातच सुमारे ९०,००० ओळी उडवल्या. व्हीएमएस, ओएस/२... कोण वापरतंय? पण मला आवडला तो त्याआधीचा प्रकार. ओपनएसएसएलने मेमरीची स्वतःची फ्री लिस्ट ठेवली होती, त्यामुळे ओपनबीएसडीच्या मॅलॉकचं संरक्षण तिथे पोचतच नव्हतं. ती बंद करून पाहिली तर लायब्ररीच नीट चालेना. एके ठिकाणी मोकळी केलेली मेमरी तशीच परत मिळेल, असं कोडने गृहीत धरलेलं! हे कळायला कोड वाचावाच लागतो.

एवढं वाचूनही लिब्रेएसएसएलच्या पहिल्या पोर्टेबल आवृत्त्यांमध्ये, जुलै २०१४ मध्ये, लिनक्सवर चूक निघालीच. फोर्क झाला की नाही हे प्रोसेस आयडीवरून ओळखायचे. नातवाला आजोबांचाच आयडी मिळाला तर दोघांना तेच रँडम आकडे. पुन्हा प्रोसेस आयडी! २.०.२ मध्ये लगेच दुरुस्त केलं म्हणा.

असो. माझ्या पॅचमधली ओळ गिटमध्ये शोधली. २००९ सालची कमिट, संदेश एका शब्दाचा: "फिक्स". कशाचं फिक्स, कोण जाणे. त्या माणसाला मेल टाकलाय.