रिपुनिट अविभाज्य संख्या

दशमान पद्धतीत केवळ १ हा अंक ओळीने लिहून मिळणाऱ्या संख्येस रिपुनिट संख्या म्हणतात. अशा संख्येस १ व ती स्वतः यांखेरीज दुसरा विभाजक नसेल, तर ती रिपुनिट अविभाज्य संख्या होय. ही संज्ञा ॲल्बर्ट बायलर यांनी १९६० नंतरच्या दशकात रूढ केली; तथापि या संख्यांचा अभ्यास त्यापूर्वीच सुरू झालेला होता.

महाराष्ट्रात देवळाली येथील शाळेतील शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी या संख्यांच्या वर्गांचा अभ्यास केला. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१ व नऊ एकांच्या संख्येचा १२३४५६७८९८७६५४३२१ असा येतो. त्यापुढे हातचे येऊ लागल्याने ही रचना टिकत नाही. या वर्गांचा समावेश त्यांनी डोंबिवली स्थानकावरून नाव दिलेल्या ‘डेम्लो’ संख्यांत केला व त्यांवरील लेख १९३८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचे संशोधन केवळ मनोरंजन म्हणून दीर्घकाळ उपेक्षित राहिले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन या मासिकात त्याचा परिचय करून दिल्यावर ते जगभर माहीत झाले.

रिपुनिट संख्येतील अंकांची संख्या विभाज्य असेल, तर ती संख्याही विभाज्य असते, उदा., सहा एकांच्या संख्येस ११ व १११ या दोहोंनी भाग जातो. याचा व्यत्यास मात्र खरा नाही : १११ = ३ × ३७, ११,१११ = ४१ × २७१ आणि ११,११,१११ = २३९ × ४,६४९. अंकांची संख्या ३ हून मोठी अविभाज्य संख्या असल्यास प्रत्येक अविभाज्य विभाजकास तिने भागले असता बाकी १ उरते. त्यामुळे विभाजकांचा शोध पुष्कळ सुकर होतो. एकोणीस एकांची संख्या अविभाज्य असल्याने आणखी एक गुणधर्म मिळतो : जिच्या व्यस्ताच्या आवर्ती दशांशात १९ अंकांचे आवर्तन येते अशी ती एकमेव अविभाज्य संख्या आहे.

या संख्येची अविभाज्यता १९१८ च्या सुमारास ऑस्कर हॉप यांनी सिद्ध केली. तेवीस एकांच्या संख्येची सिद्धता १९२९ मध्ये मिळाली. पुढची, ३१७ अंकी संख्या एच्. सी. विल्यम्स यांनी १९७७ मध्ये आणि १,०३१ अंकी संख्या विल्यम्स व हार्व्ही डब्नर यांनी १९८५-८६ मध्ये अविभाज्य ठरविली. याहून मोठ्या संख्यांबाबत ‘संभाव्य अविभाज्य’ व ‘सिद्ध अविभाज्य’ हा भेद महत्त्वाचा ठरतो. संख्या पहिल्या प्रकारच्या कसोटीस उतरली, तरी ती विभाज्य असण्याची अल्प शक्यता उरतेच. ४९,०८१ अंकी संख्या १९९९ मध्ये संभाव्य अविभाज्य म्हणून आढळली; विवृत्तीय वक्रांवर आधारलेल्या पद्धतीने तिची सिद्धता २०२२ मध्ये मिळाली. रिपुनिट अविभाज्य संख्या अनंत आहेत, असे अनुमान आहे. परंतु ते अद्याप सिद्ध झालेले नाही.